हिशेबाची वही कोणती धरावी?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज छाननीत अडकला होता. तिच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरील नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातील नाव यांत एका अक्षराचा फरक होता. मुख्याध्यापकांनी त्याचा खुलासा प्रमाणित करून दहा दिवसांच्या आत पाठवावा, अशा आशयाचे पत्र कार्यालयाकडून ई-मेलने निघाले. ते आमच्यापर्यंत पोहोचलेच नाही. 'पेटी भरलेली आहे' असा शेरा मिळून ते आल्या वाटेने परत गेले, आणि तिकडे ते परत आल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

दुःखाची गोष्ट अशी की, पेटी भरलेली नव्हती. त्याआधी दोनच दिवस मी आणि आमचे लेखनिक संध्याकाळी उशिरापर्यंत बसलो होतो आणि जुनी परिपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, दोन-दोनदा आलेले तक्ते, सारे काढून टाकले होते. केराची टोपलीसुद्धा रिकामी केली होती. पेटीत जेमतेम चाळीस पत्रे उरली होती. तरीही एका स्नेह्याने 'तुम्हांला धाडलेले पत्र परत आले' असे सांगितले, तेव्हा ज्यांच्याकडे ही टपालाची सेवा आहे त्यांना मी दूरध्वनी केला. उत्तर आले, "सर, आमच्या नोंदीत तुमची पेटी भरलेलीच दिसते." नोंदीत दिसते, म्हणजे असलीच पाहिजे! चौथ्या दिवशी कोणीतरी ती नोंद दुरुस्त केली आणि टपाल सुरळीत येऊ लागले. मधल्या काळात काय काय परत गेले, हे आम्हांला कसे कळावे? पुढे शिष्यवृत्तीची यादी लागली, तीत त्या मुलीचे नाव नव्हते, तेव्हा कळले. तिची आई वडगावात मागावर काम करते. तिला मी हे समजावून सांगू लागलो, तर तीच मला म्हणाली, "असू दे सर, पुढच्या वर्षी बघू." त्या समजूतदारपणाने मला अधिकच ओशाळवाणे झाले.

गणपतीला माझा एक माजी विद्यार्थी गावी आला होता. एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या टपालाच्या सर्व्हरची, म्हणजे सर्वांच्या पत्रपेट्या सांभाळणाऱ्या संगणकाची, देखभाल तो करतो. त्याच्यापुढे मी हे गाऱ्हाणे मांडले. तो म्हणाला, "सर, तुमची पत्रे नीट होती, बिघडली होती ती हिशेबाची वही. सगळ्यांच्या पेट्यांचा हिशेब त्यांनी एकाच फाईलमध्ये ठेवला असणार. ती खराब झाली, आणि त्यांनी आधीच्या रात्रीची प्रत तिच्या जागी आणून ठेवली. तुम्ही पेटी रिकामी केलीत ती त्या प्रतीनंतर." पुढे चौकशी केली, तर नेमके तसेच घडले होते. त्या दिवशी आम्ही दोघे ओसरीवर बराच वेळ बोलत बसलो. जे मला उमगले, ते वाचकांपुढे ठेवतो. विषय संगणकाचा वाटला, तरी तो मुळात हिशेबनिसाचा आहे.

'कोटा' हा शब्द आपल्या पिढीला संगणकाने शिकविला नाही. रेशनच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे राहताना तो आपल्या कानी पडला. साखरेचा कोटा, रॉकेलचा कोटा. मूळ लॅटिन शब्दाचा भाव 'कितवा वाटा' असा आहे. टपालाच्या सर्व्हरवरही प्रत्येकास जागेचा असाच एक वाटा नेमून दिलेला असतो. नवे पत्र दाराशी आले की सर्व्हरला तीन आकडे हवे असतात: या मनुष्याचा वाटा किती, त्यातील किती भरला आहे, आणि आलेले पत्र केवढे आहे. पहिला आकडा कोणीतरी ठरवून दिलेला असतो. तिसरा पत्राबरोबरच कळतो. खरी अडचण दुसऱ्याची. एकेका पेटीत वीस-वीस हजार पत्रे, तीही पन्नास कप्प्यांत विभागलेली. दर पत्रागणिक ती सारी मोजत बसणे परवडत नाही. म्हणून आजवरची बेरीज कोठेतरी लिहून ठेवावी लागते. ती कोठे आणि कशी लिहावी, हाच आजचा प्रश्न.

माझे वडील रविवार पेठेतील एका भुसार अडत दुकानात दिवाणजी होते. घरी कधी शब्द न काढणारा तो मनुष्य वहीच्या विषयावर मात्र बोलत असे. दिवसाचा व्यवहार जसा घडला तसा, घडल्या क्रमाने, रोजकीर्दीत लिहावयाचा. सायंकाळी तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत उतरवावयाचा. रोजकीर्दीत काय घडले ते कळते, खतावणीत कोणाकडे किती ते कळते. आणि या दोहोंच्या वर त्यांचे एक सूत्र होते: "माल वखारीत, आकडा वहीत. दोघांचे भांडण झाले, तर वखार खरी." माझ्या विद्यार्थ्याने टपालाच्या हिशेबाचे जे प्रकार सांगितले, ते ऐकताना मला जागोजागी वडिलांची बैठक आठवत होती.

पहिला प्रकार सुट्या चिठ्ठ्यांचा. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन नावाचे विद्यापीठ आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे 'सायरस' नावाची टपालसेवेची प्रणाली तयार झाली. तिच्यात प्रत्येक वाट्यामागे एक स्वतंत्र, इवलीशी फाईल असते. मूळ रूपात तिच्यात दोनच ओळी असत: पहिलीत भरलेली जागा, दुसरीत मर्यादा. साधा मजकूर, डोळ्यांनी वाचता येतो. पहिली ओळ ९,४३,७१,८४० आणि दुसरी १,०२,४०० अशी असू शकते. वाचणारा चमकेल, की भरलेले नऊ कोटी आणि मर्यादा एक लाख, हे कसे? तर भरलेली जागा बाइटांत लिहावयाची आणि मर्यादा किलोबाइटांत, असा तेथील दंडक. हा किलोही हजाराचा नसून १,०२४ चा. म्हणजे मर्यादा १०,४८,५७,६०० बाइटांची झाली आणि शिल्लक १,०४,८५,७६० उरली. कोणी हा किलो हजाराचा धरून हिशेब केला, तर शिल्लक ८०,२८,१६० एवढीच भरेल आणि नव्वद लाख बाइटांचे पत्र विनाकारण परत जाईल. टपालपेटीच्या मर्यादेची बोलणी कोणत्या परिमाणात करावी, हे १९९७ साली एका प्रमाणपत्रकाने ठरवून दिले. २०२२ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली, तीतही १,०२४ चे मापच कायम राहिले. मापे एक नसली की बाजार बसत नाही, हे पेठेतल्या पोरालाही ठाऊक असते.

चिठ्ठीचे गुण पाहा. रामाची चिठ्ठी लिहिली जात असता गोविंदाच्या चिठ्ठीला कोणी हात लावीत नाही. म्हणून एकाच्या पत्रासाठी दुसऱ्याचे पत्र ताटकळत नाही. चिठ्ठी बदलावयाची झाल्यास जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड करीत नाहीत. शेजारी नवी पुरी लिहून काढतात आणि मग जुनीचे नाव नवीला देतात. हे नामांतर युनिक्स जातीच्या प्रणालींत एका फटक्यात होते. वाचणाऱ्यास एकतर जुनी चिठ्ठी दिसते, नाहीतर नवी. अर्धवट कधी दिसत नाही. शिवाय एक चिठ्ठी बिघडली, तर नुकसान एकाचेच.

दोषही आहेत. चिठ्ठीतील अक्षरे वीस-पंचवीस. पण संगणकाच्या तबकडीवर लहानात लहान फाईलही बहुधा ४,०९६ बाइटांचा कप्पा अडवते. दहा हजार माणसांच्या चिठ्ठ्यांनी ४,०९,६०,००० बाइट अडकतात, आणि खरा मजकूर असतो दोन-अडीच लाखांचा. आज जागेची ती टंचाई राहिली नाही, हे खरे. परंतु 'सर्वांचा तक्ता काढा' असे साहेबांनी म्हटले, की दहा हजार चिठ्ठ्या एकेक करून उघडाव्या लागतात. रात्रीची प्रत काढतानाही तोच खटाटोप.

दुसरा प्रकार एका मोठ्या खतावणीचा. सर्वांची खाती एकाच फाईलमध्ये, नावांच्या क्रमाने. एवढ्या मोठ्या वहीत एक नाव चटकन सापडावे म्हणून जी युक्ती योजतात, तिला 'स्किप लिस्ट' म्हणतात. विल्यम प्यू यांनी तिच्यावरील लेख १९९० साली प्रसिद्ध केला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, जलद गाडी मोठ्या स्थानकांवरच थांबते. तिने इच्छित गावाच्या जवळच्या मोठ्या स्थानकापर्यंत जावे आणि तेथून पॅसेंजरने पुढचे चार थांबे घ्यावेत. नावांच्या रांगेत काही नावांना अशा लांब उडीच्या खुणा जोडलेल्या असतात, म्हणून शोध झपाट्याने लागतो. तक्ता काढणे, प्रत घेणे, सारे एका फाईलीचे काम.

पण खतावणी एक, म्हणजे तिच्यावर लिहिणाराही एका वेळी एकच. सकाळी दहाच्या सुमारास हजारो पेट्यांत एकदम टपाल येऊ लागले, की वहीभोवती रांग लागते. आणि वही भिजली, की गावाचा हिशेब भिजतो. आमचे झाले ते हेच. मेलबर्न येथील 'फास्टमेल'च्या मंडळींनी या जातीच्या वहीची सुधारलेली आवृत्ती 'ट्वूस्किप' या नावाने सायरसमध्ये आणली. तीत प्रत्येक नोंदीसोबत पडताळ्याचा आकडा असतो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर वही कोठपर्यंत खरी आहे हे चटकन कळते. गंमत पाहा, हीच प्रणाली आपल्या पेट्यांची मोठी यादी अशा खतावणीत ठेवते. पण कोट्याच्या हिशेबासाठी, मुद्दाम काही निराळे न सांगितल्यास, अजूनही सुट्या चिठ्ठ्याच वापरते. पेट्यांची यादी वारंवार वाचली जाते आणि क्वचित बदलते; कोट्याचा आकडा तर दर पत्राला बदलतो. ज्यात वाचन अधिक त्याला खतावणी, ज्यात लेखन अधिक त्याला चिठ्ठी, असा त्यातील विवेक दिसतो.

याच जातीत आणखी एक सोय असते. एकच माणूस कधी या, तर कधी त्या सर्व्हरवर येतो, अशा मोठ्या संस्थेत सर्वांचा हिशेब एखाद्या सामाईक माहितीकोशात ठेवतात. प्रत्येकाच्या नावे एक ओळ. कुलूप तेथे ओळीपुरतेच लावता येते. मात्र तो माहितीकोश बंद पडला, की सगळेच सर्व्हर त्याच्या तोंडाकडे पाहत बसतात.

तिसरा प्रकार मला सर्वांत ओळखीचा वाटला, कारण ती थेट रोजकीर्द आहे. 'मेलडिर' म्हणून टपाल ठेवण्याची एक रीत आहे; तीत प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाईल असते. तिच्या वाढीव रूपात 'मेलडिरसाइझ' नावाची एक फाईल ठेवतात. पहिल्या ओळीत मर्यादा, आणि पुढे एकाखाली एक व्यवहार: पत्र आले तर त्याचा आकार व संख्या, पत्र गेले तर तेच आकडे उणे चिन्हाने. बेरीज करणारा वरपासून खालपर्यंत बेरीज करतो.

यातली खुबी ध्यानात येण्यासाठी एक उदाहरण घ्या. चिठ्ठीवर ५०० लिहिले आहे. एकाच क्षणी दोन पत्रे आली, एक ३० चे, दुसरे २० चे. दोन्ही हस्तकांनी ५०० वाचले; एकाने ५३० लिहिले, लगेच दुसऱ्याने त्यावर ५२० लिहिले. खरी बेरीज ५५०. तीस हवेत गेले. हे टाळण्यासाठी चिठ्ठीला क्षणभर कुलूप घालावे लागते. रोजकीर्दीत हा प्रश्नच उरत नाही: एकाने ३० ची ओळ जोडली, दुसऱ्याने २० ची. जुन्या आकड्याला कोणी हात लावीत नाही.

अर्थात रोजकीर्द वाढत जाते. म्हणून नियम असा की फाईल ५,१२० बाइटांची झाली, की वही मिटवून पेटीतील पत्रे प्रत्यक्ष मोजावयाची आणि नव्या बेरजेने नवे पान सुरू करावयाचे. या मोजणीला उशीर लागू नये म्हणून पत्राच्या फाईलच्या नावातच तिचा आकार लिहून ठेवण्याची रीत आहे. पाकीट न उघडता वजन कळावे, तसे. पण मला भावला तो पुढचा नियम. बेरजेवरून पेटी भरली असे दिसले, आणि वहीत एकाहून अधिक ओळी असल्या किंवा ती पंधरा मिनिटांहून जुनी असली, तर पत्र नाकारण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष मोजणी करावी. नाही म्हणण्याआधी वखारीत जाऊन या, असाच त्याचा अर्थ. हा नियम ऐकला आणि माझे वडील त्या परदेशी संगणकतज्ज्ञांच्या पंक्तीला जाऊन बसल्याचा भास मला झाला.

चौथा प्रकार वेगळी वही न ठेवण्याचा. 'डव्हकॉट' नावाची प्रणाली फिनलंडमधील टिमो सिरायनेन यांनी लिहिली; ती २००२ साली बाहेर पडली. पत्रे पटकन शोधण्यासाठी ती प्रत्येक कप्प्याची एक सूची बाळगते. त्या सूचीतच पत्रांचे आकार नोंदवावेत आणि कोटा विचारला की तीवरूनच बेरीज सांगावी, ही रीत आज तिचे जाणकार सुचवितात. मालाची यादी आणि हिशेब एकच झाल्याने दोहोंत फरक पडण्याचे मूळच खुडले जाते. अट एवढीच की, ही सूची नीट जपली पाहिजे.

तर मग निवड कशी करावी? मी विद्यार्थ्याला हे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, किती जलद आहे हे सगळे आधी विचारतात. मी शेवटी विचारतो." त्याची कसोटी तीन प्रश्नांची. एकाचा आकडा लिहिताना बाकीचे खोळंबतात काय? लिहिता लिहिता वीज गेली, तर जुना किंवा नवा आकडा उरतो, की अर्धा? आणि हिशेब पुरता नाहीसा झाला, तर पत्रांवरून तो पुन्हा उभा करता येतो काय, आणि तसा तो कोणी करते काय? एका सर्व्हरवर चार-पाच हजार पेट्या सांभाळणाऱ्या संस्थेने सुट्या चिठ्ठ्या धराव्यात, असे त्याचे मत. अनेक सर्व्हर असतील, तर सामाईक माहितीकोश. आणि ज्या प्रणालीत सूचीवरूनच बेरीज मिळते, तेथे दुसरी वही उगाच उघडू नये.

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोट्याचा आकडा हा काढलेला आकडा आहे. मूळ वस्तू पत्रे. पत्रे शाबूत असता आकडा केव्हाही नव्याने काढता येतो. सायरसमध्ये 'कोटा' नावाची आज्ञा आहे; तिला 'एफ' हे अक्षर जोडून दिले, की ती साऱ्या पेट्या मोजून चुकलेल्या चिठ्ठ्या दुरुस्त करते. म्हणजे ज्या दिवशी आमच्या सेवेतील लोकांनी आदल्या रात्रीची प्रत आणून ठेवली, त्याच दिवशी अशी एक मोजणी केली असती, तर भागले असते. त्यांनी जुनी वही नवी समजून उघडली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. नकाराचेही दोन प्रकार असतात. एक कायमचा: पत्र तत्काळ परत जाते. दुसरा तात्पुरता: 'सध्या जागा नाही, पुन्हा या' असे सांगितले जाते, आणि पाठविणारा सर्व्हर ते पत्र जवळ ठेवून साधारणतः चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करतो. सायरसमध्ये मुद्दाम बदलले नाही, तर पेटी भरल्यावर हा दुसरा नकार मिळतो. आमची नोंद चौथ्या दिवशी दुरुस्त झाली होती. नकार तात्पुरता असता, तर ते पत्र बहुधा त्याच दिवशी आमच्या पेटीत पडले असते, आणि मुदतीचे चार-सहा दिवस हाती उरले असते.

हे सारे ऐकून त्या अनाम हिशेबनिसांवर रागावण्याचा मला हक्क होता. पण राग फार वेळ टिकला नाही. कारण एक जुनी गोष्ट आठवली. वीस वर्षांपूर्वी मी सहशिक्षक असताना ग्रंथालयाचे काम माझ्याकडे होते. दहावी झालेला एक मुलगा दाखला न्यावयास आला. माझ्या वहीत त्याच्या नावावर एक पुस्तक बाकी दिसत होते. तो शपथेवर सांगत होता की, मी ते परत केले. मी वहीवर बोट ठेवले आणि त्याला परत पाठविले. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी मजुरी बुडवून येऊन पुस्तकाची किंमत भरली. दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना ते पुस्तक फळीवर सापडले. कपाट माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होते. पैसे मी त्यांच्या घरी जाऊन परत केले. बुडालेली मजुरी मात्र परत करता आली नाही.

यंदा शाळा सुरू होताच त्या मुलीचा अर्ज आम्ही पुन्हा भरला आहे. दाखल्यावरील अक्षराची दुरुस्ती तिच्या आईने तहसील कचेरीत दोन खेपा घालून करून आणली. अर्जाची एक प्रत ई-मेलने पाठविली आणि दुसरी रजिस्टर टपालाने. पोचपावती माझ्या टेबलाच्या खणात आहे. आणि कार्यालयाच्या भिंतीवर, घंटेच्या वेळापत्रकाशेजारी, वडिलांचे ते वाक्य मी स्वच्छ अक्षरांत लिहून लावले आहे. त्याचा अर्थ विचारणाऱ्याला मी आधी ग्रंथालयाच्या पुस्तकाची गोष्ट सांगतो, मग टपालपेटीची.